उभ्याचा रक्तदाब
प्रस्तावना

सोनईच्या बाजारात कुणाला चक्कर आली, की भोवती जमलेल्या दहाजणांकडे दहा कारणं तयार असतात. पित्त चढलं असेल, ऊन लागलं असेल, सकाळपासून पोटात काही नसेल, अंगात रक्त नसेल, नजर लागली असेल. शिंगणापूर जवळच असल्यामुळे साडेसातीचं नावही कुणीतरी घेतंच. यातली काही कारणं खरी निघतात. पण माणूस पडला तेव्हा तो बसलेला होता, चालत होता, की नुकताच उठून उभा राहिला होता, हे विचारणारा त्या घोळक्यात सहसा कुणी नसतो. पुढे दवाखान्यातही हा प्रश्न राहूनच जातो. तिथे त्याला बाकड्यावर बसवून हाताला पट्टा बांधतात, आकडा बरा येतो, एक सलाइन लावतात आणि घरी पाठवतात. पडला तो उभा असताना आणि मोजलं ते बसवून, ही विसंगती कुणाला खटकत नाही. ती खटकावी, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

उभं राहिल्यावर रक्तदाब एकाएकी घसरणं, हा या पुस्तकाचा विषय. वैद्यकात त्याची मोजपट्टी ठरलेली आहे. माणूस उभा राहिल्यापासून 3 मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा आकडा 10 किंवा त्याहून जास्त उतरला, तर ती घसरण दखल घेण्याजोगी धरतात. 1996 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ही व्याख्या नक्की केली आणि 2011 मध्ये तिची फेरमांडणी झाली. जगभरच्या पाहण्या एकत्र पाहिल्या, तर साठी ओलांडलेल्या दर पाच माणसांत साधारण एकाला ही घसरण असते. त्यातल्या अनेकांना काहीच जाणवत नाही. ज्यांना जाणवतं ते त्याला अशक्तपणा म्हणतात आणि वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात.

आपल्या भागात हा विषय फक्त म्हाताऱ्यांचा नाही. सोनईच्या मुळा कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे थंडीत फडात उतरायचं, बुडख्याशी वाकून कोयता चालवायचा, मग ताठ होऊन मोळी डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रॉलीत चढवायची. दिवसभर हे वाकणं-उठणं चालतं, पाणी मात्र मोजकंच पोटात जातं. बाईमाणूस तर आडोसा नाही म्हणून मुद्दामच कमी पिते. कांद्याच्या लागणीत आणि काढणीत बाया तासन्‌तास उकिडव्या बसतात आणि वाफा संपला की एका झटक्यात उठतात. उकिडव्या बसलेल्या माणसाला एकदम उभं करून रक्तदाब पाहणं ही संशोधकांची एक मान्य चाचणी आहे, कारण त्या उठण्यात दाब सर्वांत जोरात हलतो. आपल्याकडच्या बाया घोडेगावच्या बाजारात जाणाऱ्या कांद्यासाठी ही चाचणी रोज देतात, फक्त पट्टा बांधून आकडा कुणी घेत नाही. शनी अमावास्येला शिंगणापूरच्या रांगेत उपाशीपोटी उभी राहणारी माणसं वेगळीच. त्यांना उठताना त्रास होत नाही. न हलता बराच वेळ उभं राहिल्यावर रक्त पायांत साचतं आणि अर्ध्या-पाऊण तासाने कुणीतरी कोसळतं.

सगळ्यांत मोठी किंमत मात्र म्हातारी माणसंच मोजतात. नेवासे तालुक्यात बरीच कुटुंबं गावठाणापासून दूर, शेतातल्या वस्तीवर राहतात. मुलं पुण्याला किंवा चाकणला नोकरीला, घरी म्हातारा-म्हातारी. रात्री दोनला लघवीला उठायचं, संडास घराबाहेर, दिवा लावायचा कंटाळा. खाटेवरून उठून चार पावलं गेल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस ओट्यावर आपटतो. मग खुबा मोडतो, नगरला नेऊन ऑपरेशन होतं, आणि त्या माणसाचं हिंडणं-फिरणं पुष्कळदा कायमचं आखडतं. घरातले पुढे वर्षभर मोडलेल्या खुब्याबद्दल बोलतात. पडण्याआधी डोळ्यांपुढे काय झालं होतं, त्याचा विषयही निघत नाही.

हे होतं कसं, ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. आडवा माणूस उभा राहिला, की साधारण 500 ते 800 मिलिलीटर रक्त छातीतून खाली उतरून पोटातल्या आणि पायांतल्या शिरांत जातं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी झालं, की प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी होतं आणि दाब उतरू लागतो. मानेतल्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ती मेंदूच्या बुंध्याशी लगेच खबर पोचवतात. तिथून दोन हुकूम सुटतात. हृदयाने वेग वाढवायचा आणि रक्तवाहिन्यांनी आवळून घ्यायचं. पहिला हुकूम एक-दोन ठोक्यांत अमलात येतो, दुसऱ्याला काही सेकंद लागतात. तब्येतीने चांगल्या माणसातही दाब पहिल्या दहाएक सेकंदांत थोडा उतरतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत जागेवर येतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर शेती करणाऱ्याला यातली मेख चटकन कळेल. आवर्तन सुटलेलं असतं, धरणात पाणी असतं, पण वरच्यांनी ओढून घेतलं की टेलच्या चारीत ओलही पोचत नाही. उभ्या माणसाचा मेंदू असा टेलला असतो. तो हृदयापेक्षा 25 ते 30 सेंटीमीटर वर, त्यामुळे दंडावर मोजलेल्या दाबापेक्षा त्याच्यापाशी पोचणारा दाब मुळातच वीसेक आकड्यांनी कमी. त्यातून दंडावरचा आकडाच 140 वरून 95 वर आला, तर डोक्यापर्यंत काय पोचत असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मेंदूचा पुरवठा पूर्ण तुटला तर सहा ते आठ सेकंदांत शुद्ध हरपते. त्याआधी दिसणं जातं, कारण डोळ्याच्या आत स्वतःचा एक दाब असतो आणि आत येणाऱ्या रक्ताला त्यावर मात करावी लागते. रक्ताचा जोर कमी पडला की पहिला फटका नजरेला बसतो. डोळ्यांपुढे अंधारी आली असं आपण म्हणतो, तेव्हा शरीरातली घटना आपण अगदी बिनचूक सांगत असतो. काहींना अंधारी येत नाही, पण उभं राहिलं की मान आणि दोन्ही खांदे भरून येतात आणि आडवं झालं की मोकळे होतात. उभ्याने तिथल्या स्नायूंना रक्त कमी पडतं. त्यांना वर्षानुवर्षं बाम चोळला जातो.

अंधारी येणं आणि घर फिरणं या दोन तक्रारी वेगळ्या काढायला हव्यात. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर पाहताना भिंती गरगरत असतील, तर दोष बहुधा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवात असतो. त्याचा रक्तदाबाशी संबंध नसतो आणि उपचारही निराळा. उठल्यावर डोकं हलकं होणं, अंधारी येणं, पाय लटपटणं आणि बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर मिनिटभरात बरं वाटणं ही घसरणीची खूण. 'चक्कर येते' एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना दोन्हीतलं काहीही ऐकू येऊ शकतं.

घसरणीच्या कारणांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट अंगातलं पाणी किंवा रक्त कमी पडण्याचा. जुलाब-उलट्या, एप्रिल-मेचं ऊन, निर्जळी एकादशी, अंगावरून जास्त जाणं, मूळव्याधीतून झिरपणारं रक्त, अल्सरमुळे शौचाला काळी होणं. यात नाडी जोरात धावते, कारण हृदय आपल्या परीने भरपाई करत असतं. दुसरा गट मज्जातंतूंचा. वर सांगितलेले हुकूम पोचवणाऱ्या तारा झिजतात. बरीच वर्षं अंगात मुरलेला मधुमेह हे त्याचं आपल्याकडचं मोठं कारण, आणि कंपवात हे दुसरं. यात दाब उतरूनही नाडी फारशी वाढत नाही. म्हणून उभ्याने दाबाबरोबर नाडीही मोजावी, असा या पुस्तकात पुन्हापुन्हा आग्रह आहे. दाब 30 ने उतरला आणि नाडी जेमतेम पाच-सहाने वाढली, तर तारांवर संशय घ्यायला जागा असते. तिसरा गट औषधांचा. मात्र प्रत्यक्षात एका माणसात एकाच वेळी दोन किंवा तिन्ही गट भेटतात. सत्तरीचा शेतकरी, पंधरा वर्षांचा मधुमेह, प्रोस्टेटची गोळी, आणि मे महिन्यातली एकादशी. यातलं कुठलंही एक कारण त्याला पाडायला पुरलं नसतं.

औषधांच्या गटावर जरा थांबायला हवं, कारण या विषयाचा इतिहास औषधांच्या इतिहासात गुंतलेला आहे. 1925 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॅडबरी आणि एगलस्टन या दोन डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकिकत छापली. उभे राहिले की ते कोसळायचे, त्यांना घाम येत नसे, नाडी हलत नसे आणि उन्हाळ्यात त्रास वाढायचा. आजाराची ही पहिली नीट नोंद. तेव्हा वाढलेल्या रक्तदाबावर नाव घेण्याजोगं औषधच नव्हतं. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेवरचा आपला अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि आपल्या वैद्यांना ठाऊक असलेली ही मुळी रक्तदाबाचं औषध म्हणून जगभर पोचली. 1957 मध्ये त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच दशकात पश्चिमेकडे हेक्सामेथोनियम, ग्वानेथिडीन अशी जबर औषधं आली. ती वर सांगितलेल्या तारांवरच घाव घालत. आडव्या माणसाचा दाब ती थोडा उतरवत आणि उभ्याचा धाडकन पाडत. त्यामुळे त्या काळचा डॉक्टर रोग्याला उभं करून दाब मोजल्याशिवाय मात्रा ठरवतच नसे. पुढे सौम्य आणि सुरक्षित गोळ्या आल्या, ती भीती ओसरली, आणि तिच्याबरोबर उभं करून मोजण्याची रीतही गेली. दरम्यान माणसं जास्त जगू लागली, मधुमेह वाढला, एकेका घरात पाच-सहा गोळ्यांचे डबे आले. रीत ज्या काळात सर्वांत जास्त लागणार होती त्याच काळात ती आपण टाकून दिली.

महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात या घसरणीशी थेट गाठ पडली ती कोकणात, विंचवाच्या निमित्ताने. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर लाल विंचू चावलेल्या रुग्णांवर उपचार करत होते. या विंचवाचं विष मज्जातंतूंत वादळ उठवतं. रक्तवाहिन्या आवळतात, दाब भडकतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि तरणाताठा माणूस किंवा लहान मूल काही तासांत दगावतं. त्यावर त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरलं आणि 1986 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात ते मांडलं. पुढे विंचूदंशाने होणारे मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले. डॉ. बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे हे प्राझोसिन मुळात रक्तदाबाचं औषध, आणि पहिल्याच मात्रेनंतर माणूस उभा राहिला तर कोसळतो, हा त्याचा प्रसिद्ध दोष. म्हणून विंचूदंशाच्या उपचारात गोळी दिल्यावर रुग्णाला काही तास आडवंच ठेवतात, आणि लहान मुलाला कडेवर उचलू नये असं आईला बजावतात. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारा जो गुण जीव वाचवतो, तोच उभ्या माणसाला पाडतो. वयस्कर पुरुषांना प्रोस्टेटसाठी मिळणाऱ्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या याच घराण्यातल्या. त्या जास्त सौम्य आहेत, पण बजावणी तीच हवी. गोळी रात्री झोपताना घ्यावी आणि रात्री उठताना आधी खाटेच्या काठावर बसावं. आपल्याकडे गोळी मिळते, बजावणी मिळत नाही.

याशिवाय पाहायची औषधं बरीच आहेत. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, जी नेहमी बसूनच घ्यावी, कंपवातावरची लेव्होडोपा, नैराश्यावरच्या आणि मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या काही जुन्या गोळ्या, आणि मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिनसारखी नवी औषधं, जी साखरेबरोबर लघवीतून पाणीही काढतात. गावठी म्हणून निर्धास्तपणे घेतलेली औषधंही इथे येतात. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं. दारू वाहिन्या सैल करते आणि पाणीही घालवते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी पाडते.

इथे वाचकाने एक मोठी चूक करू नये. हे वाचून कुणी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली, तर पुस्तकाने भल्यापेक्षा बुरंच केलं असं होईल. पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका टाळण्यात या गोळ्यांचा वाटा मोठा आहे. 2017 च्या अखेरीस देशात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमात महाराष्ट्र पहिल्या काही राज्यांत होता, आणि सरकारी आरोग्य केंद्रात या गोळ्या फुकट मिळतात. शिवाय अनेक मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासल्यावर असं दिसलं, की दाब नीट आटोक्यात ठेवलेल्या लोकांत उभ्याची घसरण वाढत नाही, थोडी कमीच होते. म्हणजे वाढलेला दाब आणि उभ्याने घसरणारा दाब हे एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. कुठली गोळी, किती आणि दिवसाच्या कुठल्या वेळी, एवढाच बदल बहुतेक वेळा पुरतो. तो डॉक्टरांनीच करायचा. आणि तो करायला त्यांच्यापुढे उभ्याचा आकडा हवा.

याच्या उलट टोकाला 'माझं बीपी लो असतं' म्हणणारी माणसं आहेत. तरुण बाईचा दाब 100 वर 60 असेल आणि तिला काही त्रास नसेल, तर तो आजार नाही. तिला मीठ वाढवायला सांगण्याचं कारण नाही. उठल्यावर तिची नाडीच मिनिटाला तीसपेक्षा जास्त ठोक्यांनी वाढत असेल, धडधड आणि थकवा महिनोन्‌महिने टिकून असेल, तर तो वेगळा प्रकार, आणि त्यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. लहान आकड्याला घाबरायचं नाही. उभं राहिल्यावर आकडा किती हलतो ते पाहायचं.

मोजायचं कसं, ते मात्र सगळ्यांनी शिकावं. खाटेवर पाच मिनिटं शांत आडवं पडायचं. दंडावर पट्टा बांधून दाब आणि नाडी लिहून घ्यायची. मग उभं राहायचं, पट्टा तसाच ठेवून हात हृदयाच्या उंचीवर कशाचा तरी आधार देऊन धरायचा. एक मिनिट झालं की एकदा आणि तीन मिनिटं झाली की पुन्हा मोजायचं. शेजारी एक माणूस हवाच. अंधारी आली तर मोजणं सोडून लगेच झोपवायचं, आणि तो आकडा मिळाला नाही हेही लिहून ठेवायचं, कारण उभं राहता आलं नाही ही स्वतःच मोठी माहिती आहे. शक्यतो सकाळी उठल्याउठल्या मोजावं, त्या वेळी घसरण जास्त दिसते. एकदा जेवणानंतर तासाभराने मोजावं. भरपेट जेवण झालं की रक्त आतड्यांकडे वळतं, आणि पुरणपोळीसारख्या गोड, पिठूळ जेवणानंतर म्हाताऱ्या माणसांचा दाब चांगलाच उतरू शकतो. सणाच्या दिवशी पंगतीतून उठताना आजोबा लटपटले, तर त्याचं कारण पुष्कळदा ताटातच असतं.

हे काम डॉक्टरशिवाय कुणाला जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यात जामखेडला जाऊन यावं. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या किंवा जेमतेम पाहिलेल्या बायांना त्यांनी आपापल्या गावाच्या आरोग्य सेविका केलं. बाळंतपण, लहान मुलांची वजनं, रक्तदाब ही कामं त्या बाया करू लागल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वैद्यकीय ज्ञान गावातल्या माणसाच्या हाती देता येतं, हे या जिल्ह्याने तेव्हाच दाखवलं. आज आशा ताई घरोघर जातात, कित्येक घरांत बॅटरीवरचं बीपीचं यंत्र आहे. आडवं पाडून आणि उभं करून मोजायला आणखी काही विकत आणायचं नाही.

मोजून घसरण दिसली, तर पुढे काय, हा पुस्तकाचा उत्तरार्ध आहे. त्यातले बरेच उपाय बिनपैशाचे आहेत. झोपेतून उठताना आधी काठावर बसून पाय हलवायचे, मग उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावर लगेच चालू लागायचं नाही. अंधारी येतेय असं वाटलं, तर पायांची अढी घालून मांड्या आवळायच्या, मुठी घट्ट वळायच्या, किंवा सरळ खाली बसायचं. स्नायू आवळले की साचलेलं रक्त वर ढकललं जातं. उठण्याआधी दोन पेले, म्हणजे 400-500 मिलिलीटर, पाणी चटकन प्यायलं तर तारा झिजलेल्या माणसाचा दाब काही काळ चांगला वर येतो. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून डोक्याची बाजू उंच केली, की रात्री लघवीवाटे जाणारं पाणी आणि मीठ कमी होतं आणि सकाळची घसरण सौम्य होते. रक्त पायांपेक्षा पोटात जास्त साचतं, म्हणून दिवसा पोटावर रुंद पट्टा बांधल्याने फायदा होतो. रात्री तो सोडायचा. मीठ वाढवायचं की नाही, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्याला जास्त मीठ घातक ठरतं. एवढ्याने भागलं नाही तर फ्लुड्रोकॉर्टिसोन, मिडोड्रिन अशी औषधं आहेत, पण त्यांनी आडव्या माणसाचा दाब फार वाढू शकतो, म्हणून ती तज्ज्ञाच्या नजरेखालीच घ्यायची.

सलाइनबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्याकडे अशक्तपणावर बाटली लावून घेणं हा जवळजवळ हक्क समजला जातो. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, दुसरं काही नाही. जुलाब-उलट्यांनी अंग सुकलेलं असेल, तोंडाने काही टिकत नसेल, तर ती बाटली जीव वाचवते. इतर वेळी तिने चार-सहा तास बरं वाटतं, कारण वाहिन्यांत तेवढं पाणी वाढतं, आणि मग सगळं पूर्वपदावर येतं. झिरपणारी मूळव्याध, चुकीच्या वेळी घेतलेली गोळी, मुरलेला मधुमेह यांपैकी कशालाही ती हात लावत नाही. बरं वाटल्यामुळे शोध थांबतो, हा तिचा खरा तोटा.

कुणी पडलं तर लोक काय करतात, तेही बदलायला हवं. चारजण धरून त्याला बसतं करतात, तोंडात पाणी ओततात, कांदा फोडून किंवा चप्पल हुंगायला देतात. बसवल्याने मेंदूचा पुरवठा आणखी लांबतो, आणि शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडातलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला आडवं ठेवावं, पाय उंच करावेत, भोवतीची गर्दी हटवावी. मिनिट-दोन मिनिटांत तो भानावर येतो. भानावर आला की लगेच उभं करू नये. मात्र छातीत दुखत असेल, कष्टाचं काम चालू असतानाच शुद्ध गेली असेल, आडवं असतानाच शुद्ध गेली असेल, शौचाला काळी होत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा एक बाजू लुळी पडली असेल, पाळी चुकलेल्या बाईच्या पोटात दुखत असेल, तर यातलं काही घरी करत बसू नये. तडक मोठं रुग्णालय गाठावं.

पुस्तक चार भागांत आहे. पहिल्यात शरीराची रचना, दुसऱ्यात कारणं आणि औषधं, तिसऱ्यात मोजमाप, चौथ्यात उपाय आणि सांभाळ. ज्याच्या घरात आज कुणी पडलंय त्याने तिसऱ्या भागापासून सुरुवात करावी. आशा ताईंनी दुसरा भाग दोनदा वाचावा, कारण घरातला गोळ्यांचा डबा उघडून बघण्याची संधी डॉक्टरांपेक्षा त्यांना जास्त मिळते.

डॉक्टरांवर टीका करण्याचा इथे हेतू नाही. शंभर रुग्णांच्या ओपीडीत एकाला पाच मिनिटं आडवं पाडायला आणि तीन मिनिटं उभं करायला वेळ आणि खाट कुठून आणायची, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. म्हणून ते आठ मिनिटांचं काम घरी आणावं, असं हे पुस्तक सुचवतं. तीन दिवस सकाळी मोजा. एका कागदावर आडव्याचा दाब आणि नाडी, एक मिनिटाचा आणि तीन मिनिटांचा आकडा, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहा. चक्कर कशी येते ते दोन ओळींत लिहा. केसपेपर काढताना तो कागद सोबत ठेवा आणि डॉक्टरांपुढे तोच आधी करा. गोळीचा निर्णय त्यांचा, पण तो घेताना त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाबरोबर उभ्या माणसाचाही आकडा असेल.

सोनई, ता. नेवासे, जि. अहिल्यानगर